एका भिंतीला एक नाव

विमानतळाच्या नव्या इमारतीत भिंती फार, आणि साऱ्या कोऱ्या. त्या गावातल्याच कलाकारांकडून सजवून घ्यायच्या असं तिथल्या समितीनं ठरवलं, आणि उतरलेले प्रवासी बाहेर पडतात त्या दालनातली लांबलचक भिंत दोन जावांच्या घराला मिळाली. काचेचे नि चिनी मातीचे रंगीत तुकडे जोडून चित्रं करणारं हे घर. सासूनं दोघी सुनांना हाताला धरून शिकवलेलं. थोरली चित्र काढायची, धाकटी तुकडे लावायची.

लावायची रीत मात्र उफराटी. तुकडे आधी कागदाच्या तावावर खळीनं चिकटवायचे, तोंडं कागदाकडे, पाठी वर. मग ताव उचलून ओल्या गिलाव्यावर थापायचा आणि गिलावा धरला की कागद भिजवून सोलायचा. तावावर जे डावीकडे, ते भिंतीवर उजवीकडे. म्हणून थोरलीनं सरळ काढलेला ताव धाकटी खिडकीच्या काचेवर पालथा धरायची, उजेडात पाठीवर उतरलेल्या रेषा गिरवायची आणि त्या पाठीवर तुकडे लावायची. सासू होती तोवर तुकडे तोडता तोडता गुणगुणायची,

थोरीनं गं काढावं, धाकटीनं फिरवावं,
भिंतीच्या मुखाला मग सरळ दिसावं.

समितीच्या बाईंनी फोनवर विचारलं, पाटीवर कलाकार म्हणून कुणाचं नाव घालायचं? एका भिंतीला एकच नाव बसतं. थोरलीनं आपलं सांगितलं. सांगताना जीभ अडखळलीही नाही, हे तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. घरी ती भाजी निवडता निवडता सहज बोलल्यासारखं बोलून गेली. धाकटीच्या हातातली पक्कड क्षणभर थांबली.

"बरं केलंत, ताई," ती म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं.

काम टाकलं नाही. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं आपलं टेबल हलवलं आणि दार लोटून घेतलं. तिचा नवरा, थोरलीचा दीर, गिलाव्याचं काम करायचा. तो म्हणे, दोघी बोलत नाहीत ते एका परीनं बरंच आहे, दोन्हीकडे चहा मिळतो. हसायला कुणी नव्हतं.

चित्र होतं दारात उभ्या राहिलेल्या बाईचं. एका बाजूनं दिसणारी, हात उंचावलेला, तोंड विमानाकडून येणाऱ्यांच्या दिशेला, पदर वाऱ्यावर. दुरून आलेल्या माणसाला पहिलं काही दिसावं तर आपली वाट पाहणारं कुणीतरी, एवढंच थोरलीच्या मनात होतं. पण ताव काढायला बसली आणि तिचा अहंकार ठणकला. हिच्या दाराशी जाऊन ‘फिरव गं’ म्हणायचं? त्यापेक्षा आपणच फिरवून काढू. तिनं आरसा समोर ठेवून सगळं चित्र उलटं काढलं आणि तावांची गुंडाळी मुकाट्यानं शेडच्या उंबऱ्यावर ठेवून आली. आत धाकटीनं गुंडाळी उलगडली, ताव काचेवर पालथे धरले आणि नेहमीसारखे फिरवले.

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्या घरात कुणाकडेच नव्हता.

ताव भिंतीवर चढत होते तेव्हा समितीच्या बाई थोरलीला सभांमधून मिरवत होत्या. ती दालनात आली तेव्हा भिंत वरपासून खालपर्यंत कागदानं झाकलेली होती, आणि कागदावर तिच्याच पेन्सिलीच्या रेषा बाहेर तोंड करून होत्या. नेहमी त्या सरळ दिसायच्या. आज चित्रातल्या बाईचं तोंड बाहेरच्या दाराकडे होतं. विमानातून उतरून येणाऱ्यांकडे तिची पाठ. थोरलीनं खालच्या तावावर बोट दाबून पाहिलं. गिलावा दगड झाला होता.

धाकटी परांचीवरून उतरली. हात खळीनं पांढरे.

"तुला कळलं होतं," थोरली म्हणाली.

"दुसऱ्याच तावाला कळलं. डोळा भलत्या बाजूला आला."

"मग बोलली का नाहीस?"

"चित्र तुमचं, नाव तुमचं. मी नुसते हात. हातांना कोण विचारतं?" एवढं बोलून एकदम धाकटीचा आवाज उतरला. "माझंही चुकलं, ताई. रागात लावत गेले. आता बाई येतील, त्यांना खरं सांगा. दोघींनी फिरवलं म्हणून बिघडलं, चित्र दोघींचं आहे, एवढंच सांगा. मी सगळं फोडून पुन्हा लावते. रात्रीचा दिवस करते."

तेवढ्यात बाई आल्याच. बरोबर वर्तमानपत्राचा एक वार्ताहर. दिरानं पाणी मारलं, कागद सुटला, आणि निळ्या-तांबड्या तुकड्यांतून ती तोंड फिरवलेली बाई लखलखत बाहेर आली. पदरातली एकेक काच अशी तिरकी बसली होती की उजेड त्यावरून वाहत होता. असं काम धाकटीच्या हातून आजवर झालं नव्हतं.

बाईंनी कपाळाला आठी घातली. आम्ही पसंत केलेल्या चित्रात ही येणाऱ्यांकडे बघत होती ना?

धाकटी थोरलीकडे बघत राहिली. थोरलीनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मुद्दाम फिरवली," थोरली म्हणाली. "येणारे आलेच की. त्यांना घ्यायला जे अजून आले नाहीत, त्यांची वाट बघतेय ती."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वार्ताहर लिहायला लागला. एकदा सुरू झाल्यावर थोरलीला एकाहून एक शब्द सुचत गेले. आपण इतकं सुरेख खोटं बोलू शकतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. सुटणाऱ्या प्रवाशांच्या दालनातली भिंतही तुम्हीच करा, असं बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. थोरली हो म्हणाली.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या तावाचा कागद सोलला, स्पंजानं चित्रातल्या बाईचा गाल पुसला, बादली उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला."

महिन्याच्या आत त्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना धाकटी थोरलीच्या पाया पडली, तेच थोरलीला सोसलं नाही.

नव्या भिंतीचं चित्र काढून झालं. थोरली शेडमध्ये गेली, ताव काचेवर पालथा धरला, रेषा गिरवल्या. ते तिला जमलं. मग ती धाकटीच्या जागी बसली आणि निळ्या काचेला पक्कड लावली. काच हवी तिथे तुटेना. भुगा झाला. दुसरी घेतली, तिचाही भुगा. दुपारपर्यंत तावावर कसेबसे चारपाच तुकडे बसले, आणि त्यांतही फटी एवढ्या, की खालचा कागद दिसत होता.