आवडाबाईंची फिर्याद

“मारलं म्हणजे कशानं मारलं, मावशी?” हवालदार पोपट भोईरांनी कीबोर्डवरून हात उचलत विचारलं.

आवडाबाई पदराने तोंड पुसत राहिल्या. मोहन्याहून त्या एकट्याच पोलीस ठाण्यात आल्या होत्या. सून विनिता सकाळपासून रुग्णालयात होती. जबडा मोडल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. मारणारा रतन हा आवडाबाईंचा एकुलता एक मुलगा.

आतून साहेब डोकावले. “भोईर, नवराबायकोचंच ना? किरकोळ घरगुती वाद लिहा, नोंद करा, पाठवून द्या. उद्या हीच बाई मुलाला सोडा म्हणून रडत येईल.”

किरकोळ घरगुती वाद. अकरा वर्षांपूर्वी एका बाईच्या तक्रारीत भोईरांनी हेच तीन शब्द लिहिले होते. तेव्हाही वरूनच सांगितलं होतं. चार महिन्यांनी त्याच बाईच्या प्रेताचा पंचनामा त्यांनी लिहिला. कोर्टात वकिलाने ते तीन शब्द मोठ्याने वाचून दाखवले, आणि नवरा सुटला.

“हाड मोडलंय, साहेब. डॉक्टरांचा कागद आलाय. गुन्हा दाखल करावाच लागेल.”

“बाई फिरली तर तुम्ही निस्तरा,” म्हणत साहेब आत गेले.

“वरवंट्यानं,” आवडाबाई एकदम म्हणाल्या.

“किती वेळा?”

“दोनदा. तिसऱ्यांदा उचललान, तेव्हा मी मधी पडले.” त्यांनी बाही वर सारली. दंड काळानिळा झाला होता.

भोईरांनी तेही लिहिलं. किती वाजले होते, दार उघडं होतं का, शेजारचं कोण धावलं, वरवंटा आता कुठे आहे, सगळं एकेक करून विचारलं. आवडाबाई मध्येच थांबायच्या, तेव्हा तेही थांबायचे. दीड तास गेला. मग त्यांनी जबाब वाचायला घेतला.

“...त्यानंतर सदर इसमाने...”

“सदर इसम कोण?”

“म्हणजे तुमचा मुलगा.”

“मग तसं लिवा की. कोण परका घरात शिरला, असं वाटतंय ते.”

भोईरांनी ते शब्द काढले आणि ‘माझा मुलगा रतन याने’ असं लिहिलं. आवडाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग एकेक अक्षर जुळवत सही केली.

साहेबांनी कागद सावकाश वाचले, सही केली आणि दोन शिपायांना मोहन्याला पाठवलं.

आवडाबाई दारापर्यंत जाऊन परत आल्या.

“आत जेवायला देतात ना?”

“देतात, मावशी.”

“त्याला वांगं चालत नाय. अंगावर उठतं.”

भोईरांनी मान हलवली.

त्या पायऱ्या उतरल्या. पिशवीत सुनेसाठी केलेली पेज होती. ती सांडू नये म्हणून पिशवी दोन्ही हातांनी सरळ धरून त्या रुग्णालयाच्या दिशेने चालू लागल्या.