न आलेली मुलं

"पोर घरात नाय," गौराबाई दाराआडून म्हणाली, आणि त्याच वेळी आत कुणीतरी खोकलं.

हवाबी अंगणातच थांबली. खांद्याला वजनाचा लोखंडी काटा आणि त्याला टांगायची कापडी झोळी. खालापूरची ही सुईण. गौराबाईची दोन्ही मुलं तिच्याच हातावर जन्मली होती. महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला, तेव्हापासून मुंबईचे एक डॉक्टर पळसदरीकडच्या त्याच त्या मुलांचं दर वर्षी वजन करत. जोखायचं काम हवाबीचं. पण दर खेपेला वजनाला येणारी मुलं कमी होत होती, आणि यंदा वयाच्या मानानं वजनाची सरासरी चक्क सुधारली होती.

हवाबीला बरं वाटलं. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला.

"आली ती धडधाकट होती, हवाबी. न आलेली कशी असतील? त्यांना सोडून केलेला हिशेब खोटा. सगळ्यांकडे जाणं जमायचं नाही, तेव्हा चिठ्ठ्या टाकू. ज्यांची नावं निघतील त्यांना कसंही करून गाठा. बाकीच्यांची कल्पना त्यांच्यावरून येईल."

चिठ्ठीत गौराबाईच्या मुलीचं, जयवंताचं नाव निघालं, म्हणून हवाबी आज या दारात उभी होती.

"गौरे, दार उघड गं. मी हाय."

"तुमी हाव म्हनूनच नाय उघडत. गेल्या साली माज्या लडकूला टांगलं तुमी. दिवाळीआधी गेला. आता हिला नाय द्यायची."

"तापानं गेला गं तो."

"मग तुमच्या नातीला टांगा. माज्या डोळ्यांदेखत. मग बघू."

हवाबी तशीच माघारी फिरली. काट्यानं पोरं मरतात ही कुजबुज गावोगाव ऐकून अलीकडे झोळीची गाठ मारताना तीही मनातल्या मनात दुआ मागे. कमरजहाँ तिची एकुलती नात. पोरीचा बाप बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. इतक्या मुलांना जोखलं, पण नातीला तिनं कधी झोळीत घातलं नव्हतं. का नव्हतं, हे तिनं स्वतःला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नातीला कडेवर घेऊन आली. अंगणातल्या आंब्याला काटा अडकवला, पोरीला झोळीत बसवलं आणि हात काढून घेतले. झोळी गर्रकन फिरली. नात हसली. बिस्मिल्ला पुटपुटत हवाबीनं आकडा वाचला, पण तो तिच्या ध्यानातच राहिला नाही.

झोळी स्थिर होईपर्यंत गौराबाई जवळ उभी होती. मग आत जाऊन तिनं जयवंताला आणलं. पोरीची नुसती हाडं लागत होती हाताला. काटा जेमतेम हलला.

चिठ्ठीतली मुलं हिशेबात धरल्यावर सरासरी गेल्या सालाच्याही खाली गेली. पुढे त्याच आकड्यावर डॉक्टरांनी भांडून पळसदरीला दुधाचे डबे मिळवले आणि जयवंता सावरली.

पण त्या संध्याकाळी हवाबीला यातलं काही ठाऊक नव्हतं. चूल पेटवायची राहून गेली होती. ओट्यावर खेळणाऱ्या नातीजवळ ती बसून होती, आणि पुन्हा पुन्हा तिच्या कपाळाला हात लावून बघत होती.