स्वखुशीने लिहून देते की

संध्याकाळी धाकटा दीर कामावरून आला. भिजलेले बूट दारात फेकून त्याने खिशातली ओली चिठ्ठी वहिनीपुढे टाकली. तिने हात पुसले, पक्की वही काढली आणि चिठ्ठी वाचून थांबली.

नदीवरच्या धरणाची भिंत अजून पुरी झाली नव्हती, पण मागे टप्प्याटप्प्याने पाणी अडवणं कित्येक वर्षं चालू होतं. भिंतीच्या पोटात एक लांब बोगदा आहे. भिंतीतून झिरपणारं पाणी तिथे जमतं. ते रोज मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे या घरातल्या पुरुषाचं काम.

"भाऊजी, हा कालचाच आकडा आहे."

"असेल."

"मागे पाणी हातभर चढलं आणि गळती तेवढीच? खाली उतरलाच नाहीत ना?"

"तू लिही ना मुकाट्याने!"

आतून सासूबाई कडाडल्या, "साहेबीणबाई झालीये! नवऱ्याला गिळलं, आता दिराला अक्कल शिकवते."

तरी ती अडूनच बसली. शेवटी तो शिव्या देत परत गेला आणि मोजून आला. आकडा बराच वाढला होता. तिने तो वळणदार अक्षरात लिहिला.

नऊ वर्षं ती हेच करत आली होती. आधी नवऱ्यासाठी, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नसे. तो आकडे सांगायचा, ती लिहायची. तेवढाच त्यांचा संसारातला निवांत वेळ. मग उतारावरून सुटलेला दगड डोक्यात बसून तो जागच्या जागी गेला.

नियमाने त्याच्या जागेवर पहिला हक्क तिचा. पण धरणाच्या वसाहतीत एक रीतच पडून गेली होती. माणूस कामावर मेला की बायकोने सही द्यायची आणि नोकरी दिराने नाहीतर पुतण्याने घ्यायची. ऑफिसात छापील कागद तयारच असत: 'मी स्वखुशीने लिहून देते की...' खाली फक्त नाव घालायचं. अकरा जणींनी ते दिले होते. स्वखुशी अशी गठ्ठ्याने छापून ठेवणाऱ्या शहाण्याला काय म्हणावं!

नवरा जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा सासऱ्यांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि रडले. "बाईमाणूस बोगद्यात उतरली तर मी चार लोकांत तोंड कसं दाखवू? तुला आणि चिमीला जन्मभर सांभाळू, पोरी." तिने कागद वाचला आणि सही केली.

सहा महिन्यांनी दीर नोकरीत कायम झाला. आदेश सासऱ्यांनी तिलाच वाचायला लावला. त्यात साहेबांचा शेरा होता: 'नोंदी अचूक, अक्षर सुवाच्य.' घरात सगळे खूश झाले. सासरे म्हणाले, "आता याचं लग्न उरकायचं. खोली रिकामी लागेल. तू चिमीला घेऊन भावाकडे जा."

"आणि वही?"

"ती पाठवू की दर आठवड्याला. लिहून धाडत जा."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. तिने वही मिटली. "मी लिहिणार नाही. जागा माझी आहे, मी ती मागणार."

दिराने तिच्या थोबाडीत मारली. सासूबाईंनी ट्रंक बाहेर काढली आणि तिच्यामागून सात वर्षांच्या चिमीलाही ढकललं. आळीतली दारं भराभर लागली. सह्या दिलेल्या बायकांचीही लागली, आणि ते तिला थोबाडीपेक्षा जास्त लागलं.

सकाळी ती ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिली. कोरा कागद मागून तिथेच अर्ज लिहिला. कारकुनाने तो पाहिला, दिराने सकाळीच सहीसाठी जमा केलेली पक्की वही कपाटातून काढली आणि शेजारी धरली. त्याचा चेहरा उतरला. मेलेल्या माणसाचं अक्षर सहा महिने वहीत चालू होतं, आणि दर आठवड्याला त्याखाली सही करणाऱ्या एकालाही ते खटकलं नव्हतं.

त्याने वही घाईने मिटली. "बाई, तुम्ही अडाणी असता तर काही करता आलं असतं. पण तुम्ही तर शिकलेल्या. वाचून सही केलीत ना?"

"वाचूनच केली."

"मग आता काय?"

"आता लिहून मोडते. घ्या अर्ज."

त्याने अर्ज बाहेर सरकवला. तिने आत सरकवला. त्याने पुन्हा बाहेर टाकला आणि खिडकी लावून घेतली. चिमीने जमिनीवरून कागद उचलला, फ्रॉकला पुसला आणि आईच्या हातात दिला. चिमीला घेऊन ती त्या बंद खिडकीसमोरच्या बाकावर बसली.

आज सातवा आठवडा आहे, ती रोज येते. धरणाचं पाणी चढतच आहे. पक्क्या वहीत आता वेडंवाकडं अक्षर आहे, रोज तोच एक आकडा आहे, आणि त्याखाली साहेबांची सही आहे.