कोरडं अंथरूण

शेळ्यांच्या गोठ्यात पाचोळ्यातून माणसाचा पाय बाहेर आलेला दिसला आणि बंकटच्या हातातली दुधाची चरवी ठणकन खाली पडली. पाय लहान होता. त्यातलं पैंजण ओळखीचं होतं.

"बबे! अगं धाव! पोर मेली आपली!"

बबिता चुलीवरचं तसंच टाकून धावली. तोवर शेळ्या उठल्या आणि त्यांच्या मधून नऊ वर्षांची मोहिनी डोळे चोळत उठून बसली. अंगाला लेंड्या, केसांत पाला. बंकटचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्याला संताप आला.

"हितं कावून झोपलीस? घरात जागा न्हाई का?"

"हितं वलं झालं तरी कळत न्हाई, आबा. शेळ्या बी करतेत."

काल बबितानं पोरीची झोपेत ओली झालेली वाकळ मुद्दाम रस्त्याकडच्या कुंपणावर वाळत घातली होती. शाळेत निघालेल्या मुलींना हाका मारून दाखवली होती. लाज वाटली की खोड जाते, अशी तिची समजूत. शेळी आजारी पडली तर तिच्या उशाशी बसून राहणारा बंकट तेव्हा खो-खो हसला होता. आता त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"चल घरात, बाळा. कुनी हसनार न्हाई."

मोहिनी हलली नाही. "तुमी बी हसलते."

बंकट बायकोवर घसरला. "तुझ्यामुळं झालं हे! लेकराला मारशील का काय?"

बबिता भांडली नाही.

"मला लई भ्या वाटतं वो, हिची बी खोड जायची न्हाई म्हनून. माझं बी आसंच व्हतं. लगीन झाल्यावर बी. तुमी शेळ्या घेऊन रानात मुक्कामी असायचे, म्हनून तुमाला कळलं न्हाई."

बंकटला ते दिवस आठवले. नव्या नवरीचं कौतुक तेव्हा साऱ्या गल्लीला होतं. सगळ्यांच्या आधी उठते, रोजच्या रोज अंथरूण धुते! त्याची आई तर सुनेच्या टापटिपीचे गोडवे गातच गेली. बारा वर्षं संसार केलेल्या बायकोचं हे त्याला आज कळत होतं.

मोहिनीही तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"माय, तुला कुनी हसलं?"

"न्हाई. मी कुनाला कळूच दिलं न्हाई."

"मंग तू कुनापशी रडायचीस?"

धुतलेल्या साडीनिशी बबिता तिथंच ओल्या पाचोळ्यात बसली. मोहिनीनं एका करडाला बाजूला ढकललं आणि आईसाठी जागा केली.