भुवया ऐकू येत नाहीत

रोमुलो आगबायानी म्हणजे कॅनडातल्या विनिपेगमधलं फुकटचं रेडिओ स्टेशन. वृद्धाश्रमात आजोबांना आंघोळ घालताना इंग्रजीतून असे विनोद ठोकायचा की हसता हसता कवळ्या बाहेर! आणि हाच बाबा इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटला. ऐकणं पास, वाचणं पास, लिहिणंसुद्धा पास. बोलणं नापास!

आता ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. परीक्षा पास झाल्याशिवाय पीआरचा, म्हणजे इथं कायमचं राहण्याचा अर्ज जात नाही, आणि तिकडे फिलिपिन्समध्ये त्याची पोरगी जेरिका जानेवारीत बावीस पूर्ण करणार. अर्ज त्याआधी गेला तर ती आईबरोबर इकडे येणार. बावीस झाली की सरकार तिला आईबापाच्या अर्जात धरत नाही, मग बायको इकडे, पोरगी तिकडे.

तो राहायचा डेलियाच्या तळघरात. वयानं मोठी, गावाकडची, म्हणून मानांग, म्हणजे ताई. तिनंच एका रविवारी त्याला समोर बसवलं आणि परीक्षक बाई होऊन धडाधड प्रश्न टाकले. हिवाळा आवडतो का, दुकान कुठे आहे, घरी स्वयंपाक करतोस का. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात आतून तिचा गोरा नवरा वॉल्टर ओरडला, "डेलिया, परीक्षा सुरू कधी करताय?"

"कधीची सुरू आहे!"

"मग हा बोलत का नाही?"

दोघांनी सगळी उत्तरं आठवून पाहिली. हिवाळ्याला रोमुलोनं नाक मुरडलं होतं. दुकान ओठांचा चंबू पुढे काढून दाखवलं होतं. स्वयंपाकाला भुवया उडवल्या होत्या, म्हणजे हो. आमच्याकडे फिलिपिन्समध्ये सगळे असंच बोलतात, डेलियालाही कळलं नव्हतं की हा मुका बसलाय.

"अरे गाढवा, मार्क देणारा भलत्याच शहरात बसून नुसतं रेकॉर्डिंग ऐकतो! त्याला तुझ्या भुवया ऐकू येणारेत?"

"कामावर विनोद करतो तेव्हा बोलतोच की, मानांग."

"विनोद करतोस. उत्तर कुठे देतोस?"

परीक्षेच्या दिवशी तिनं त्याच्या कपाळावर चिकटपट्टी मारली. भुवई हलली की कातडी ओढायची. दारावरच्या माणसानं ती पहिली काढायला लावली. "कपाळात काय लपवलंय?" रोमुलो म्हणाला, "अक्कल." दारावरचा काही हसला नाही.

आत गेला तर परीक्षक बाईच्या छातीवर नाव, डुमलाव. अरे, ही तर आपलीच, फिलिपिन्सची! रोमुलोचा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही याच शहरात काम करता का?"

रोमुलोनं खुशीत दोन्ही भुवया उडवल्या. बाईला कळलं, ओठाच्या कोपऱ्यात हसूही आलं. आणि पुढच्या क्षणी तिनं मान जी कागदात घातली ती घातलीच.

"कामावर कसे जाता?"

रोमुलोनं ओठ पुढे काढले, बसच्या दिशेनं. मान खालीच. भुवया पार केसांपर्यंत नेल्या. बाई कागदात. आपल्या मुलखातली बाई आणि इतका माज! त्याचं टाळकं सटकलं.

"बाई, बसनं जातो! थंडीत उभं राहून कान गळायची वेळ येते, तेव्हा ती बस येते!"

"आणि कामाबद्दल काय सांगाल?"

मग काय, धरणच फुटलं. वृद्धाश्रमातले आजोबा निघाले, त्यांचं रुसणं निघालं. रोज कॅनडाच्या म्हाताऱ्यांची इंग्रजीत समजूत घालतो तरी माझं इंग्रजी तुम्हाला पुरत नाही का, हे निघालं. पोरगी निघाली, तिचा वाढदिवस निघाला. बाईनं दोनदा "थँक यू" म्हटलं तरी गडी थांबेना.

निकाल आला. हवे होते त्याहून जास्त मार्क. जेरिकाचं नाव घालून अर्ज डिसेंबरातच गेला. डेलियानं पिनाकबेतची भाजी केली, पण रोमुलोचा घास काही गोड लागेना.

"एकदासुद्धा वर बघितलं नाही, मानांग! आपल्याच माणसानं असं करावं?"

"वर बघितलं असतं तर तू तोंड उघडलं असतंस का रे?"

रोमुलोनं आणखी भाजी वाढून घेतली. पटलं होतं, पण कबूल करणार कोण?

"ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण निघताना तरी बघायचं!"