दोन जावा, दोन सेन्सर

धाकटी जाऊ वर्कशॉपमध्ये येऊन बसली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तोवर ओलावा मोजणारे सेन्सर तपासायचं टेबल तिचं एकटीचं होतं. आता सासऱ्यांनी सांगून टाकलं, दोघींनी एकेक सेन्सर जुळवायचा, म्हणजे त्याचा आकडा बरोबर करायचा. जिचा बरोबर निघेल, टेबल तिचं.

सेन्सर काडेपेटीएवढा. त्याला ना पडदा, ना बटण. वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा, स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, की एका ओळीत उत्तर येतं. ओल्या मिठाच्या बरणीत बंद केला, की त्याने पंचाहत्तर टक्के ओलावा दाखवायला हवा. बरण्या दोन, कॉम्प्युटर एक, आणि त्यावर दोन सारख्या खिडक्या, एकेका वायरीची एकेक.

धाकटी दर वेळी आधी 'आयडी' टाइप करून सेन्सरला त्याचा नंबर विचारायची.

"नवऱ्यालाही रोज नाव विचारतेस का गं?" थोरली म्हणायची. धाकटी नुसती हसायची, आणि ते हसणंही थोरलीला सलायचं.

जेवणापर्यंत दोन्ही सेन्सर जुळले, धाकटीचा आधी. जेवणानंतर थोरलीने वायरी काढून टेबल पुसलं, वायरी परत लावल्या. तेवढ्यात धाकटी फोन घ्यायला बाहेर गेली आणि थोरलीला राहवेना. काल आलेली पोर, हिला माझं टेबल हवंय. तिने धाकटीची, म्हणजे उजवीकडची खिडकी उघडली, 'रीसेट' टाइप करून एंटर दाबलं. 'ओके' आलं. जुळवलेलं सगळं पुसलं गेलं आणि तिच्या जिवाला गार वाटलं.

सासरे दोन्ही सेन्सर तपासायला आले. धाकटीने दोन्हीकडे आयडी विचारला आणि थबकली. वायरी उलट लागल्या होत्या. उजवीकडे आता थोरलीचा सेन्सर होता, तो ब्याण्णव दाखवत होता. धाकटीचा पंचाहत्तर. थोरलीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

खिडकीत 'रीसेट' अजून दिसत होतं. धाकटीने ते वाचलं, थोरलीकडे एकदा पाहिलं आणि खिडकी बंद केली.

"माझ्याकडून रीसेट गेलं, बाबा. ताईंचा बरोबर आला होता, मी बघितलाय. टेबल त्यांचंच राहू दे."

"मोठ्या मनाची आहेस हो," सासरे तिला म्हणाले. थोरलीला ते असं कधीच म्हणाले नव्हते.

टेबल थोरलीचं झालं. ती त्याच्यापुढे बसली. आता धाकटीशी भांडायचीही सोय उरली नव्हती, आणि तिचा खरा जळफळाट झाला तो त्यानेच.