लाल पट्ट्याची झारी

मित्रांनो, मला खुंटीवरून काढण्याआधी माझे ऐकून घ्या. मी एक जुनी पत्र्याची झारी आहे.

पत्रे ठोकणाऱ्या एका कारागिराने मला घडवले, तोंडाला बारीक चाळणी बसवली. "हिचं पाणी फुलालाही टोचणार नाही," तो म्हणाला होता. या घरच्या काकूंनी मला आणले ते परसातल्या तळ्यासाठी. तळे केवढे? दोन खाटांएवढे! त्यात सहा केशरी मासे. उन्हाने आटलेले पाणी रोज सकाळी माझ्यातून भरायचे, माशांना दाणे टाकायचे, मगच स्वतः घास घ्यायचा, हा काकूंचा नेम. माझी सावली पाण्यावर पडली की मासे तोंड वर करून गोळा होत. त्याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नाही.

काठावरचे तण काकू गोणपाटावर बसून खुरप्याने काढत, मुळासकट. त्यांचे दीर हसत.

"वहिनी, गवतापुढे रोज गुडघे टेकता, ते काय वर देणार आहे?"

"नाही देणार, भावजी. पण मासे आहेत ना तिथं."

एके दिवशी ते गुडघेच सुजले. काकू अंथरुणाला खिळल्या. आतून विचारत, "मासे जेवले का?" दीर हो म्हणाले की मगच ताट पुढे ओढत.

वहिनी उठेपर्यंत बाग लख्ख करू, या मायेने दिरांनी तणनाशक आणले. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिले होते, पाण्याजवळ वापरू नये. त्यांचा चष्मा घरात होता. त्यांनी ते माझ्या पोटात कालवले, वाटेवर शिंपडले आणि मला तळ्याच्या काठी ठेवले. तळाशी दोन बोटे उरले होते.

"उद्या धुऊ," ते म्हणाले. तो उद्या उजाडलाच नाही.

माझे बूड गंजले होते. थेंब थेंब झिरपत राहिला, उताराने. माझ्याखालचे गवत आधी पिवळे पडले, मग तपकिरी. मला ओरडता येत नव्हते.

दहाव्या दिवशी काकू काठी टेकत आल्या. दिरांनी मला उचलून नळाखाली भरले आणि त्यांच्या हाती दिले. माझी सावली पडली. सहाही मासे तोंडे उघडून वर आले. चाळणीला एक थेंब लोंबू लागला.

तेवढ्यात काकूंची काठी एका करपलेल्या गोलावर टेकली. गोल माझ्या बुडाएवढाच. त्यातून मेल्या गवताची एक जीभ निघाली होती, ती पाण्यापासून जेमतेम वीतभर अलीकडे थांबली होती.

काकूंनी मला झटक्याने मागे ओढले. थेंब दगडावर पडला.

"भावजी, हिच्यात काय कालवलं होतंत?"

"तणनाशक. धुणारच होतो, वहिनी..."

तो मातीचा पट्टा खणून दिरांनी लांब नेला. विषाची खूण म्हणून माझ्या पोटावर लाल पट्टा ओढून मला इथे टांगले. काकू पुन्हा गोणपाटावर बसल्या. शेजारी खुरपे घेऊन दीरही बसले.

मित्रांनो, विषाला वेगळे भांडे ठेवा, त्यावर ठळक खूण करा. तळ्याकाठचे तण हातानेच उपटा. गुडघे दुखले तर कुणाला हाक मारा.

काकू आता या घरात नाहीत. माझ्या लाल रंगाचे पोपडे गळत आहेत, कालच शेवटचा मोठा पोपडा पडला. आणि आज सकाळी घरातली नवी सून माझ्याकडे बघून म्हणाली, "किती छान आहे ही झारी! तळ्याला हीच घेऊ."

मासे अजून आहेत. माझी सावली पडली, की ते अजूनही तोंड उघडतील.